२१७ नंबरचं दूध कुठं गेलं? एक छोटं क्वेरी इंजिन आणि त्याचा शेड्युलर

आजचा भाग तांत्रिक आहे, पण सुरुवात दुधापासून करते. ज्यांनी बसमध्ये अर्धवट ऐकला आणि मधेच रेंज गेली, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना दर वाक्यात आलेले 'म्हणजे' शक्य तितके काढलेत. काही राहिलेत.

दिवाळीच्या दोन आठवडे आधी मामांचा फोन आला. मामा गावात दूध संकलन केंद्र चालवतात. "अगं, तुझ्या त्या प्रोग्रामनं २१७ नंबरचं दूध कमी दाखवलंय. काकू पुढ्यातच उभ्या आहेत, वर्षभराची सगळी बिलं घेऊन."

ज्यांच्या घरी दूध घालत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल निघतं. शिवाय वर्षभरात किती लिटर घातलं त्यावर दिवाळीला 'फरक' मिळतो. त्या पैशावर बऱ्याच घरांचा किराणा आणि पोरांचे कपडे ठरलेले असतात. काकूंनी ३६ बिलांची बेरीज हातानं केली होती आणि माझ्या यादीत त्यांचे १८ लिटर कमी होते. १८ लिटरच्या फरकाची रक्कम काही फार नाही. पण मामा एकच वाक्य बोलले, "एकाचं चुकलं तर बाकी तीनशेंचं बरोबर कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता हा प्रोग्राम काय होता ते सांगते. केंद्रावरच्या मशीनमधून सीएसव्ही फाईल निघते. तारीख, सकाळ की संध्याकाळ, सभासद नंबर, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ, दर. तीनशे सभासद, दिवसाला दोन वेळा, तीन वर्षं, म्हणजे साधारण साडेसहा लाख ओळी. त्यावर प्रश्न विचारायचे: या वर्षी कोणी किती घातलं, कोणाचं फॅट उतरलं, कोण बंद झालं.

कोणीतरी कमेंटमध्ये विचारणारच, म्हणून आधीच सांगते: हे काम एसक्यूलाइटनं डोळे झाकून केलं असतं. २००० साली रिचर्ड हिप यांनी लिहायला घेतलेला हा डेटाबेस आज प्रत्येक अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये असतो, तुम्ही हे वाचताय त्या फोनमध्येसुद्धा. मला स्वतःचं इंजिन लिहायचं होतं, कारण दोन वर्षं ऑफिसात एसक्यूएल लिहून मला खाली नेमकं काय चालतं हे माहीत नव्हतं. हौस होती. हौसेच्या प्रोग्रामवर मी लोकांच्या पैशाची यादी काढली, चूक ती झाली.

तर, क्वेरी इंजिन म्हणजे काय? तुम्ही लिहिता, 'या वर्षातल्या नोंदी घे, सभासदाप्रमाणे गट कर, लिटरची बेरीज दे.' यात काय हवं ते सांगितलंय, कसं करायचं ते नाही. 'कसं' ठरवणं आणि ते प्रत्यक्ष करणं, हे इंजिनचं काम. ते क्वेरीचा एक आराखडा बनवतं, त्याला प्लॅन म्हणतात. खाली फाईल वाचणारा, त्यावर वर्ष तपासणारा फिल्टर, त्यावर बेरीज करणारा. प्रत्येकाला ऑपरेटर म्हणायचं.

माझी पहिली आवृत्ती सगळ्यात सोपी होती. वरचा ऑपरेटर खालच्याला म्हणतो, 'पुढची ओळ दे.' तो त्याच्या खालच्याला म्हणतो, 'पुढची ओळ दे.' शेवटचा फाईलमधून एक ओळ वाचतो आणि ती हातोहात वर येते. अगदी विहिरीतून बादली शेंदल्यासारखं. याला व्होल्कॅनो पद्धत म्हणतात. गोट्झ ग्रेफ यांचा व्होल्कॅनोवरचा पेपर १९९४ सालचा, आणि त्यानंतर कित्येक डेटाबेस या वळणावर बांधले गेले. कारण उघड आहे: प्रत्येक ऑपरेटरला फक्त 'पुढची दे' एवढंच कळावं लागतं. नवीन ऑपरेटर लिहिला की तो कुठंही बसतो. मी एका रविवारी फिल्टर लिहिला, दुसऱ्या रविवारी बेरीज, तिसऱ्या रविवारी क्रमवारी. आधीचं काहीही मोडावं लागलं नाही. कोड एका फाईलमध्ये मावत होता आणि मला पूर्ण समजत होता. ही आवृत्ती मी जपून ठेवली. ती नंतर उपयोगी पडली.

दुसरी पायरी वेगाची. साडेसहा लाख ओळींसाठी प्रत्येक ऑपरेटरला साडेसहा लाख वेळा हाक मारायची, तर हाका मारण्यातच वेळ जातो. प्रत्यक्ष बेरीज म्हणजे एक क्षण, पण तिच्याभोवतीचा 'दे बघू, घे बघू' हा व्यवहार त्याच्या कितीतरी पट. यावरचा इलाज ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेतून २००५ साली आला. मॉनेटडीबी एक्स१०० या प्रकल्पात त्यांनी एकेक ओळ देण्याऐवजी साधारण हजार किमतींची थप्पी एकदम द्यायला सुरुवात केली. थप्पी प्रोसेसरच्या जवळच्या लहान मेमरीत मावेल एवढीच ठेवायची, हे त्यातलं मर्म. सगळी फाईल एकदम वर दिली तर तो फायदा जातो. याच संस्थेतून पुढे डकडीबी हा डेटाबेस निघाला. त्यात आज एका थप्पीत २०४८ किमती असतात. मी १०२४ ठेवल्या. फरक लगेच दिसला. चहा गाळून होईपर्यंत चालणारी क्वेरी आता कप खाली ठेवायच्या आत व्हायची.

इथं थांबले असते तर काकूंना यावं लागलं नसतं.

पण मला तिसरी पायरी खुणावत होती. मी हे सगळं माझ्या जुन्या अँड्रॉइड फोनवर टर्मक्समध्ये चालवत होते, कारण मामांनाही ते पुढे फोनवरच वापरायचं होतं. त्या फोनमध्ये आठ कोअर आहेत आणि माझं इंजिन त्यातला एकच वापरत होतं. उरलेले सात नुसते बसून. कोणालाही वाटणारच की काम वाटून द्यावं.

पहिला प्रयत्न बाळबोध होता: फाईलचे आठ सारखे तुकडे, आठ थ्रेड, प्रत्येकाला साधारण ८२ हजार ओळी. आठपट वेग येईल असं वाटलं. कुठला यायला! कारण फोनमधले आठ कोअर सारखे नसतात. माझ्या फोनात दोन दमदार आहेत आणि सहा बॅटरी वाचवणारे, सावकाश. दमदार कोअरनी आपला वाटा उरकला आणि ते बसले, बाकीचे घाम गाळत राहिले. सारखी वाटणी केली की सगळ्यात हळू माणूस संपवेल तेव्हा काम संपतं. लग्नात पंगतीला वाढताना कधी तुम्ही हे बघितलं असेल. आठ जणांना आठ ओळी वाटून दिल्या तर एक आजोबा शेवटपर्यंत जिलबीच वाढत असतात आणि बाकीची पोरं मोबाइल बघत उभी.

यावरचं उत्तर म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या हायपर डेटाबेसच्या लोकांनी २०१४ साली मांडलं. व्हिक्टर लाइस, पीटर बोन्झ, आल्फोन्स केम्पर आणि थॉमस नॉयमान यांचा तो पेपर. कल्पना अशी: वाटणी आधी करूच नका. फाईलचे बरेच छोटे घास करा, आणि ज्याचा हात रिकामा झाला त्यानं पुढचा घास उचलावा. त्यांनी घासालाच 'मॉर्सेल' म्हटलंय, म्हणजे अक्षरशः घासच. त्यांचा घास साधारण एक लाख ओळींचा. डकडीबीत एक घास १,२२,८८० ओळींचा, म्हणजे २०४८ च्या ६० थप्प्या. आता माझ्या साडेसहा लाख ओळींचं गणित करून बघा: सहा घास. आठ कोअर, सहा घास, दोन कोअर उपाशीच. म्हणून मी माझा घास दहा हजारांचा केला. सहासष्ट घास, दमदार कोअर जास्त उचलतात, सावकाश कोअर कमी उचलतात, आणि सगळे जवळपास एकाच वेळी मोकळे होतात.

हे घास कोणाला, कधी, कुठल्या क्रमानं द्यायचे हे ठरवणारा भाग म्हणजे टास्क शेड्युलर. माझा पहिला शेड्युलर चाळीस ओळींचा होता. एक रांग, आठ थ्रेड, 'पुढचं काम आहे का?' एवढाच संवाद.

आणि इथंच १८ लिटर सांडले.

बेरीज करणाऱ्या ऑपरेटरकडे एक तक्ता होता: सभासद नंबर आणि त्याची आतापर्यंतची बेरीज. एकाच थ्रेडच्या काळात लिहिलेला हा तक्ता मी आठ जणांच्या मधे तसाच ठेवला. आता केंद्रावर दोन लेखनिक आणि एकच वही आहे असं समजा. २१७ पुढे ५०० लिहिलंय. पहिल्यानं ५०० वाचले, मनात ७ मिळवले. तेवढ्यात दुसऱ्यानंही ५०० च वाचले आणि मनात ९ मिळवले. पहिल्यानं खोडून ५०७ लिहिलं. दुसऱ्यानं त्यावर ५०९ लिहिलं. व्हायला हवे होते ५१६. पहिल्याचे सात लिटर गेले, कुणाच्या लक्षातही आलं नाही, प्रोग्राम थांबला नाही, लाल अक्षरात काही आलं नाही.

तुम्ही म्हणाल, तपासलं नव्हतं का? तपासलं होतं की! हजार ओळींची एक छोटी फाईल मी तपासणीसाठी ठेवली होती, आणि प्रत्येक बदलानंतर तिच्यावर सगळ्या क्वेऱ्या चालवायचे. सगळं हिरवं. आता घास किती ओळींचा होता ते आठवा. दहा हजारांचा. हजार ओळींची फाईल म्हणजे एकच घास, एकच थ्रेड. आठ जण एकत्र काम करतानाची माझी तपासणी कधी झालीच नव्हती. हे कळलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी एकटीच मोठ्यानं हसले. हसण्यासारखं खरं तर काही नव्हतं.

मग ती जपून ठेवलेली पहिली आवृत्ती काढली. हळू, एका थ्रेडची, एकेक ओळ देणारी. तीच क्वेरी तिच्यावर चालवली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. काकूंचा आकडा पहिल्या आवृत्तीत त्यांच्या बिलांशी तंतोतंत जुळला. नवीन इंजिनमध्ये आणखी बेचाळीस जणांचे आकडे चुकले होते. सगळे कमी, एकही जास्त नाही. पुन्हा चालवलं तर वेगळेच लोक चुकले. अशी खूण दिसली की समजायचं, कुणीतरी कुणाच्या लिहिण्यावर लिहितंय.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. एक, वहीला कुलूप लावा, एका वेळी एकानंच लिहायचं. आकडे बरोबर येतात, पण आठ जण एका वहीसमोर रांगेत उभे, मग आठ कशाला? दुसरी, प्रत्येकाला स्वतःची वही द्या आणि शेवटी सगळ्या वह्या एकत्र करा. आठ वह्या, प्रत्येकीत फार तर तीनशे नावं, म्हणजे चोवीसशे ओळींची शेवटची बेरीज. काहीच नाही. मी हेच केलं. गट कोट्यवधी असतील तर शेवटचं एकत्रीकरणच मोठं काम होऊन बसतं, म्हणून मोठी इंजिनं वह्यांचे आधीच भाग पाडतात आणि एकेक भाग एकेकाला देतात. माझ्या गावाला त्याची गरज नाही.

पण 'शेवटी' म्हणजे नेमकं कधी? हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड निघाला, आणि शेड्युलरचं खरं काम मला इथं कळलं.

यादीत नंबरासोबत नाव हवं होतं. नावं वेगळ्या फाईलमध्ये. म्हणजे जॉइन आला. आधी नावांची फाईल वाचून तक्ता बनवायचा, मग दुधाची प्रत्येक ओळ त्या तक्त्याशी जोडायची, मग बेरीज, मग क्रमवारी. यात काही कामं एकामागोमाग सलग होऊ शकतात: ओळ वाच, वर्ष तपास, नाव जोड, स्वतःच्या वहीत मांड. अशा सलग साखळीला पाइपलाइन म्हणतात. पण काही ठिकाणी थांबावंच लागतं. पुरण शिजून वाटून झाल्याशिवाय पोळी भरता येत नाही. पुरण झालं की मग चार जणी बसून लाटा. नावांचा तक्ता हे पुरण.

मी काय केलं होतं? दोन्ही पाइपलाइनींचे घास एकाच रांगेत टाकले होते आणि दुधाच्या घासांना सांगितलं होतं, तक्ता तयार नसेल तर थांबा. एकदा रांगेत दुधाचे घास पुढे आले. आठही थ्रेडनी एकेक उचलला आणि आठही जण तक्त्याची वाट बघत बसले. तक्ता बनवायला नववा हात नव्हता. फोन तापला, स्क्रीनवर काही हलेना. सगळे एकमेकांकडे बघतायत आणि पुरण कोणीच लावलेलं नाही!

आता माझ्या शेड्युलरमध्ये नियम असा आहे: ज्याची तयारी पूर्ण नाही ते काम रांगेत येतच नाही. प्रत्येक पाइपलाइनजवळ एक आकडा असतो, 'अजून किती गोष्टी बाकी'. नावांच्या पाइपलाइनचा शेवटचा घास संपवणारा थ्रेड तो आकडा एकानं कमी करतो, आणि आकडा शून्य झाला की दुधाचे घास रांगेत येतात. थ्रेडनं कधी वाट बघायची नाही. एक तर काम करायचं, नाही तर दुसरं काम मागायचं.

हा नियम पाळायचा तर 'पुढची दे' ही जुनी पद्धत अडते. तिच्यात वरचा खालच्याला हाक मारून त्याच्या उत्तरासाठी थांबलेला असतो, तो त्याच्या खालच्यासाठी. थ्रेड त्या हाकांच्या साखळीत अडकलेला. मधेच 'हे राहू दे, दुसरं कर' म्हणायला जागा नाही. उलट केलं तर? सगळ्यात खालच्या ऑपरेटरनं थप्पी घ्यावी आणि वर ढकलावी. आता साखळी कोण चालवतंय हे ऑपरेटरना माहीत असायची गरज नाही, ते शेड्युलरच्या हातात. एक थप्पी वर पोचली की शेड्युलर थांबू शकतो, दुसरं काही करू शकतो, मग परत येऊ शकतो. ओढण्याऐवजी ढकलणं, एवढाच बदल. पण त्यासाठी मला प्रत्येक ऑपरेटर नव्यानं लिहावा लागला. तीन रविवारांचं काम, तेही काहीही नवीन न दिसणारं.

मला वाटलं मीच पहिल्यांदा चुकीचा पाया घातला. मग कळलं की डकडीबीनंसुद्धा सुरुवात ओढण्याच्या पद्धतीनं केली होती आणि २०२१ साली ते ढकलण्याकडे वळले, लोक डेटाबेस वापरत असताना. पोस्टग्रेसचं बघा. १९९६ पासून हे नाव आहे, आणि एका क्वेरीला अनेक प्रोसेस लावण्याची सोय आली २०१६ मध्ये, ९.६ आवृत्तीत. तीही सुरुवातीला बंद ठेवून दिली होती, हवी तर चालू करा. पुढच्या वर्षी ती आपोआप चालू झाली. सगळ्यांनी मिळून एकच तक्ता बनवणारा जॉइन २०१८ मध्ये. वीस वर्षं एका क्वेरीला एकच प्रोसेस, आणि नंतर दर वर्षी एकेक पाऊल. मला हे वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणखी एक गोष्ट सापडली, ती जास्त टोचली. त्याच ९.६ मध्ये पोस्टग्रेसवाल्यांनी तपासणीसाठी एक बटण ठेवलं होतं: गरज नसली तरी काम वाटूनच करा. डकडीबीतही तसं आहे, छोट्या फाईललाही जबरदस्तीनं अनेक थ्रेड लावणारं. शिवाय ते थप्पीचा आकार २०४८ वरून २ वर आणून सगळ्या चाचण्या चालवतात, म्हणजे थप्पीच्या कडेवरच्या चुका चार ओळींतही दिसतात. आणि एकच क्वेरी सुधारणा करून आणि न करता अशी दोनदा चालवून उत्तरं ताडून बघायची सोयही आहे. माझ्या हजार ओळींच्या फाईलला हेच हवं होतं. आता माझ्या तपासणीत घास तीन ओळींचा असतो, आणि शेजारी ती जुनी, हळू आवृत्ती साक्षीदार म्हणून बसलेली असते. दोघींचं जुळलं नाही तर यादी निघत नाही.

हे लावल्यावर पहिल्याच रात्री साक्षीदारानं पुन्हा तक्रार केली. आकडे शेवटच्या कुठल्याशा दशांशावर वेगळे. चूक शोधण्यात दोन तास गेले. मग लक्षात आलं: ७.३ सारखा दशांश कॉम्प्युटर दोनाच्या हिशोबात नेमका मांडू शकत नाही, आणि बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा कण बदलतो. आठ थ्रेड दर वेळी वेगळ्या क्रमानं घास उचलतात, म्हणून दर वेळी वेगळा कण. मी लिटर सोडून मिलिलिटर धरले. ७३००, पूर्णांक. क्रम कुठलाही असो, बेरीज एकच. रुपयांचेही पैसे केले.

नवीन यादी मामांना पाठवली. फरकाचं वाटप अजून व्हायचं होतं, हे नशीब. मामांनी पहिल्यांदा २१७ पाहिला, मग अधूनमधून पंधरा-वीस सभासदांची बिलं काढून कॅल्क्युलेटरवर ताडली. काकूंना मी फोन लावला, चूक माझी होती म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे बाई, मशीनला काय कळतंय, मी लिहून ठेवलेलं होतं."

आता मामांची नवी मागणी आली आहे: ज्यांच्याकडे गाय आणि म्हैस दोन्ही आहेत, त्यांचं दूध वेगवेगळं दाखव. म्हणजे गट दोन रकान्यांवर करायचा, आणि वहीची रचनाच बदलायची. या रविवारी बसते. साक्षीदारापासून सुरुवात, आधी तिला शिकवायचं.